फोनच्या या टोकावरून: मराठी नाटककारांना खुले पत्र

मराठी रंगभूमीसाठी लिहिणाऱ्या सर्व नाटककारांना,

सप्रेम नमस्कार.

आमच्या हौशी नाट्यसंस्थेच्या सामानात एक काळा, डायल फिरवायचा फोन आहे. कुणाच्या तरी गराज सेलमध्ये आठ डॉलरला मिळालेला. त्याची वायर कशालाच जोडलेली नाही. रिसीव्हरला गेलेला तडा मी दर दोन वर्षांनी काळ्या चिकटपट्टीने झाकते. गेल्या वीसेक वर्षांत आम्ही केलेल्या नाटकांपैकी सात नाटकांत हा फोन रंगमंचावर होता. पुढे संहितांमध्ये मोबाइल आले, मग व्हिडिओ कॉल आले, पण फोनचं काम काही बदललं नाही. साधारण दुसऱ्या अंकाच्या मध्यावर तो वाजतो. आई पदराला हात पुसत धावत येते, बाबा पेपर खाली न करता विचारतात, "कोण, आपले साहेब का?" आणि अमेरिकेतला मुलगा सांगतो की याही वर्षी यायला जमणार नाही.

मी न्यू जर्सीत, एडिसनजवळ राहते. 1999 मध्ये नवऱ्याच्या पाठोपाठ एच-4 व्हिसावर आले. त्या व्हिसावर तेव्हा नोकरी करता येत नसे, त्यामुळे वेळच वेळ होता, आणि एका शेजारणीने तालमीला नेलं. अभिनय मला येत नाही हे सगळ्यांच्या पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं. माझ्या हातात संहिता दिली गेली, ती अजून सुटलेली नाही. मी प्रॉम्प्टर आहे, विंगेत बसून नटांना विसरलेलं वाक्य देणारी. फोनची घंटाही मीच वाजवते, पूर्वी कॅसेटवरून, आता लॅपटॉपवरून.

हे पत्र त्या घंटेनंतर येणाऱ्या आवाजाबद्दल आहे. तुमच्या पात्रयादीत तो सगळ्यात खाली असतो, कधी नावाने, बहुतेकदा नुसता 'आवाज'. आमच्याकडे त्याच्यासाठी वाचन होत नाही, निवड होत नाही. ज्याला तालमीला यायला जमत नाही, त्याला आम्ही अमेरिकेतला मुलगा देतो. तो ऑफिसातून परतताना टर्नपाइक महामार्गावरच्या एखाद्या सर्व्हिस एरियात गाडी उभी करतो, चार वाक्यं मोबाइलवर रेकॉर्ड करतो आणि पाठवून देतो. मागे ट्रकची घरघर असते. ती आम्ही काढत नाही, शोभते.

आता प्रेक्षागृह बघा. आम्ही हायस्कूलचं ऑडिटोरियम भाड्याने घेतो. चारशे खुर्च्या. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील बसतात त्या पुढच्या दोन रांगा सोडल्या, तर जवळजवळ प्रत्येक खुर्चीत तोच मुलगा बसलेला असतो. नाहीतर मुलगी. (मुलीचं तर विचारूच नका. मुलगा परदेशी असला तर त्याला निदान आवाज मिळतो. मुलगी असली की "ती काय, तिकडचीच झाली" एवढ्या एका वाक्यात तिचा निकाल लागतो.) अंधारात चारशे माणसं स्वतःचाच आवाज स्पीकरवरून ऐकतात आणि मध्यंतरात बटाटेवडा खाताना एकमेकांना सांगतात, "काय हृदयस्पर्शी होतं, नाही!"

जयवंत दळवींचं 'संध्याछाया' आलं सत्तरच्या दशकात. घरात दोघं म्हातारी, एक मुलगा अमेरिकेत, एक सैन्यात. तेव्हा पत्राला आठ-दहा दिवस लागत, परदेशी फोन आधी बुक करावा लागे, आणि गेलेला माणूस वर्षानुवर्षं दिसत नसे. अंतर खरंच तेवढं होतं. मुलगा समोर नसणं हेच तर ते नाटक होतं. त्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. आम्हीही ते केलं आहे, आणि त्या रात्री सेट उतरवताना कुणी कुणाशी बोललं नव्हतं. तक्रार अशी आहे की त्याला पन्नास वर्षं झाली आणि मुलगा अजून तिथेच आहे. विंगेत. चार वाक्यांत.

हे पत्र मी खरं तर 2021 च्या नोव्हेंबरातच लिहायला हवं होतं. कोविडनंतरचा आमचा पहिला प्रयोग. प्रेक्षक मास्क लावून, एकेक खुर्ची सोडून. नाटक तुमच्यापैकीच एकाचं, अर्थातच फोन असलेलं. वडिलांची भूमिका करणारे गृहस्थ आमच्यातले सगळ्यात पाठांतरवाले. वाक्य कधी पडत नाही, उलट समोरच्याचं पडलं तर तेच उचलून देतात. त्यांचे स्वतःचे वडील मे 2020 मध्ये साताऱ्याला गेले. मार्चमध्येच भारताने आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानं थांबवली होती, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना ओसीआय कार्डावर व्हिसाविना येण्याची जी सोय असते तीही स्थगित झाली होती. जायचा रस्ताच नव्हता. अंत्यविधी त्यांनी इथे, बेसमेंटमध्ये, खुर्चीवर उभ्या करून ठेवलेल्या फोनच्या पडद्यावर पाहिला. मध्ये दोनदा कनेक्शन तुटलं.

तर प्रयोगात फोन वाजला. मीच वाजवला. मुलाचा आवाज आला, पैसे पाठवतो म्हणाला. त्यावर वडिलांचं वाक्य होतं, "पैसे नकोत रे, तू ये." ते आलं नाही. रिसीव्हर कानाला, मान खाली, शांतता. संहिता माझ्या मांडीवर उघडी होती आणि त्या ओळीवर बोट होतं. पाच सेकंद, सात सेकंद. प्रकाशयोजनेवरचा मुलगा हेडसेटमधून ओरडतोय, "मावशी, द्या ना!" मी नाही दिलं. इतकी वर्षं विंगेत बसल्यावर विसरलेलं वाक्य आणि अडकलेलं वाक्य यांतला फरक कळतो. त्यांनी रिसीव्हर खाली ठेवला आणि पुढचं वाक्य घेतलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी तो पॉज वाखाणला.

त्या दहा सेकंदांत त्या रंगमंचावर जो माणूस उभा होता, तो तुमच्या संहितेत नव्हता. तो बापही होता आणि फोनवरचा मुलगाही. मला त्याचं नाटक हवं आहे.

गैरसमज नको. तुम्ही आम्हाला बदनाम करता असं मी म्हणत नाही. आम्ही गेलो, हे खरंच आहे. आमच्यात असेही आहेत ज्यांना जाणं सहज जमत होतं आणि तरी ते गेले नाहीत, नंतर फक्त फ्लॅट विकायला गेले. त्यांच्यावर लिहा, जरूर लिहा, आम्हीच ते करू. आम्हाला बिचारेही करू नका, त्याचा तर मला जास्त राग येईल. माझं गाऱ्हाणं धंद्यातलं आहे. ज्या पात्राला एन्ट्री नाही, ज्याला कुणी उलटा प्रश्न विचारत नाही, ज्याचं खोटं बोलतानाचं तोंड दिसत नाही, ते पात्र लिहिणं फार सोपं असतं. तुम्ही नवरा-बायको, बाप-लेक, मालक-नोकर कुणालाच इतकं सोपं सोडत नाही. मग आम्हालाच का?

फोनच्या या टोकाला काय असतं, थोडं सांगते.

भारतात सगळ्यांना आता वेळेचं गणित पाठ झालेलं आहे. उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. त्यामुळे पहाटे तीनला तिकडून फोन येत नाही. आला तर एकाच कारणाने. दोघंही जागे होतात, आणि अंधारात आधी हे बघितलं जातं की कुणाचा फोन वाजतोय, त्याचा की तिचा. हे वाक्य लिहायला मला लाज वाटते, पण आमच्या पिढीतल्या कुठल्याही जोडप्याला विचारा. स्वतःचा वाजत नसेल तर क्षणभर सुटल्यासारखं होतं, आणि लगेच शेजारी बसलेल्या माणसाचा चेहरा दिसतो.

फोनवर बहीण असते. पुण्यातली, नाशिकातली, जिने गेली आठ वर्षं सगळं केलं ती. ती रडत नाही. ती एकच विचारते, "किती वेळ लागेल तुला? थांबायचं का?" हा प्रश्न, नाटककारहो, हा प्रश्न मला रंगमंचावर बघायचा आहे. थेट विमानाला पंधरा तास, ते आज आहे की उद्या, मुंबईहून पुण्याला चार तास, म्हणजे परवा सकाळ. बहिणीच्या घरात नातेवाईक जमलेत, काका म्हणतायत उशीर बरा नव्हे, कुणी बर्फाचं बघतोय, आणि इथे एक पन्नाशीचा माणूस पलंगाच्या कडेला बसून बोटांवर तास मोजतोय. "थांबा" म्हटलं तर सगळ्या घराला तीस तास ताटकळत ठेवणार. "थांबू नका" म्हटलं तर ते आयुष्यभर स्वतःचंच वाक्य. यात खलनायक कोण? बहिणीचा आठ वर्षांचा राग याच क्षणी बाहेर येईल की तेराव्यानंतर, कपाट आवरताना? मी नाटककार असते तर तेरावं निवडलं असतं, पण मी प्रॉम्प्टर आहे.

आणि कागद. तुमच्या नाटकात मुलगा म्हणतो, "रजा मिळत नाही." रजा मिळते हो. एच-1 या नोकरीच्या व्हिसावरच्या माणसाच्या पासपोर्टातला व्हिसाचा शिक्का संपलेला असला, तर भारतातून परत येताना तिथल्या अमेरिकी वकिलातीत नवा घ्यावा लागतो. मुलाखतीची तारीख मिळेपर्यंत तो तिथेच, बायकामुलं इथे, नोकरी टांगणीला. ग्रीन कार्डात कुठल्याही एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांपेक्षा जास्त जागा नाहीत, त्यामुळे भारतातून आलेल्यांची रांग दशकांची झाली आहे. आमच्या संस्थेत एक जण आहे, चांगला नट आहे, ज्याने आईला चार वर्षं पाहिलेलं नाही आणि तिला याचं कारण "काम फार आहे" असं सांगितलं आहे, कारण व्हिसाचं सांगितलं तर ती काळजी करील. आपण निर्दय ठरलेलं परवडलं, असा त्याचा हिशोब. आता सांगा, "आई, काम फार आहे गं" हे तुमच्या 'आवाजा'चं वाक्य त्याने म्हटलं तर ते कसं म्हटलं जाईल?

माझंच एक सांगते. माझी आई कोथरूडला एकटी राहते, वय 84. भावाने हॉलमध्ये कॅमेरा लावून घेतला. सकाळी कॉफी घेताना मी मोबाइलवर तो उघडते, तेव्हा तिथे संध्याकाळ असते. आई टीव्हीपुढे पेंगत असते. मालिकेतल्या बाईचं बोलणं मला ऐकू येतं आणि मी उगाच तीही मालिका बघायला लागले आहे. सुरुवातीला आईला कॅमेरा आवडला नव्हता, ती त्यावर रुमाल टाकायची. मग एक दिवस रुमाल गेला. आता दिवा मालवून झोपायला जाताना ती कॅमेऱ्यासमोर थांबते, वर बघते आणि हात हलवते. मी बघत असेन की नाही हे तिला माहीत नसतं. ऑफिसात मीटिंग असली तर मी बघत नसते. तरी ती रोज हात हलवते, असं नंतर रेकॉर्डिंगमध्ये दिसतं.

फोनपेक्षा हे जास्त नाटकाचं आहे की नाही?

अजून एक गोष्ट घडली आहे, ती तिकडे कुणाच्या फारशी लक्षात आलेली दिसत नाही. अमेरिकेने 1965 मध्ये कायदा बदलला, त्यानंतर जी डॉक्टर-इंजिनिअर मंडळी इथे आली, ज्यांनी मंडळं काढली, नाटकं बसवली, ती आता ऐंशीच्या आसपास आहेत. म्हणजे तुमच्या जुन्या नाटकांतला जो अमेरिकेतला मुलगा, तो आता स्वतः म्हातारा झाला आहे. त्याची मुलगी सिॲटलला असते, ती रविवारी फोन करते, इंग्रजीत. आमच्या भागात वृद्धांसाठी दिवसाची केंद्रं आहेत, व्हॅन घरी येऊन घेऊन जाते, तिथे सकाळी भजन आणि दुपारी बिंगो असतो. आमच्या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक रोज तिथे जातात. पूर्वी त्यांनी फोनवरच्या मुलाचा आवाज दिला होता, कॅसेटवर, ती कॅसेट अजून आमच्याकडे आहे. परवा भेटले तर म्हणाले, "आता मला बापाचा रोल द्या. बेअरिंग घ्यावं लागणार नाही."

तुम्ही म्हणाल, एवढं सगळं समोर आहे तर तुम्हीच का लिहीत नाही? रास्त प्रश्न आहे. इथेही लिहिणारे आहेत, काही फार चांगले आहेत. पण आमच्या बहुतेक संहितांचं शेवटी स्किट होतं. कॉस्टकोची रांग, मोठ्या बॅगेत भरलेला चितळ्यांचा माल, मराठी बोलताना अडखळणारी मुलगी, तिचा गोरा मित्र, हशा, ब्लॅकआउट. कारण साधं आहे. इथे सगळे सगळ्यांना ओळखतात. चारशे प्रेक्षकांत मी थांबायचं-की-नाही हा प्रवेश लिहिला, तर तिसऱ्या रांगेला लगेच कळणार की हा कुणाचा भाऊ आणि ही कुणाची बहीण, आणि पुढच्या शनिवारी त्यांच्याच घरी सत्यनारायण असतो. लांबून लिहिणाऱ्याला जी मोकळीक असते ती आम्हाला नाही. अंतराचा एवढा तरी उपयोग होऊ द्या.

जाता जाता परवानगीचं. तुमच्या छापील संहितेच्या आरंभी लिहिलेलं असतं की प्रयोगाचे सर्व हक्क स्वाधीन, लेखी परवानगी घ्यावी, आणि खाली पत्ता. जुन्या पुस्तकांत तर पुण्याचा सहा आकडी फोन नंबर असतो. लेखक गेलेले असले तर वारस शोधायचे. एकदा आम्हाला यात पाच महिने लागले, आणि शेवटी ज्यांच्याकडे हक्क होते त्यांनी तिकिटाची किंमत विचारून तिचे रुपये करून मानधन सांगितलं. हॉलचं भाडं, विमा, रात्री दहानंतर थांबणाऱ्या शाळेच्या कर्मचाऱ्यांचा ओव्हरटाइम, यांचे रुपये कुणी केले नाहीत. असो. आम्ही परवानगी घेतो आणि मानधन देतो, हे मात्र नोंदवून ठेवते. भारतीय कायद्यात विनातिकीट प्रयोगाला हौशी मंडळींना सवलत आहे, पण आम्ही तिकीट लावतो आणि प्रयोग इथे करतो, तेव्हा ती पळवाट आम्हाला नको. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी भारतात हक्क संपतात, म्हणजे देवल-गडकरी सगळ्यांना खुले. पण संगीत नाटकाला ऑर्गन वाजवणारा मिळवण्यापेक्षा पाच महिने पत्रव्यवहार परवडतो. तेवढं करा, एक चालू ईमेल पत्ता छापा. आणि काटछाट करू द्या. दहाला हॉल सोडायचा असतो, आणि आमच्याकडे पुरुष तीन व बायका नऊ असतात.

पण मुख्य मागणी ती नाही. तुम्ही अमेरिकेत येता तेव्हा दौऱ्यावर येता. महिनाभरात दहा-बारा गावं, रोज नवं विमानतळ, रोज नवे यजमान, रोज पुरणपोळी. नाहीतर इथल्या मराठी मंडळांच्या शिखर संस्थेच्या, बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनाला, जिथे हजारो माणसं भरजरी कपड्यांत हसत फिरत असतात. 2022 ला अटलांटिक सिटीत, आमच्या राज्यातच, झालं होतं. मीही पैठणी नेसून हसत फिरत होते. तिथे आम्ही दिसत नाही.

फेब्रुवारीत या. तेव्हा इथे कुणी येत नाही. बर्फ असतं, साडेपाचला अंधार पडायला लागतो. दोन आठवडे राहा. तिकीट आम्ही काढू, वर्गणी काढून काढू. नायगारा दाखवणार नाही. शुक्रवारी रात्री साडेआठला आमची तालीम असते, कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये, वॉटर हीटर आणि मुलांच्या जुन्या सायकलींच्या मध्ये जी जागा उरते तिथे. लोक दिवसभराचं काम करून, गाडीत पोहे खाऊन आलेले असतात. एका कोपऱ्यात बसा, नाटक बघू नका, तालीम संपल्यावर जे अर्धा तास रेंगाळतात त्यांचं बोलणं ऐका. माझी संहितेची खुर्ची तुम्हाला देईन.

फक्त दारावरची बेल वाजवू नका, वर मुलं झोपलेली असतात. घराला वळसा घालून मागच्या बाजूने या. पायऱ्यांवर मीठ टाकून ठेवलेलं असेल, तरी कठडा धरा. दार ढकललं की उघडतं.

तुमची,
एक प्रॉम्प्टर
एडिसन, न्यू जर्सी